पडद्यातलं शिसं

"सोपानकाकांच्या डोळ्यांच्या पडद्यात शिसं साचलंय," डॉक्टर मेहेर रेग्यांना म्हणाल्या. "ते किती वर्षं साचत होतं, हेही मशीनने मोजलंय. सलग अकरा, सगळी तुमच्या बॅटरी कारखान्यातली. पण तुमच्या रजिस्टरात दरवर्षी यांचं रक्त स्वच्छ! कारखान्यामुळे डोळे गेले असं ठरलं, तरच नवा पडदा फुकट बसवता येईल."

कारखान्याचे निवृत्त सुपरवायझर रेगे खुर्चीत चुळबुळले.

"मशीनच चुकलं असेल, मॅडम," भट्टीवर राबलेला सोपान म्हणाला. "रेगेसाहेब दरवर्षी एक दिवस आम्हाला भरपगारी सुट्टी द्यायचे. असा माणूस खोटं लिहील?"

रेग्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती सुट्टी नेमकी रक्ततपासणीच्या दिवशी असायची. सोपान घरी, आणि त्याच्या नावाच्या बाटलीत गेटवरच्या वॉचमनचं रक्त.

"रक्त तुझं नव्हतं, सोपान," शेवटी ते कसेबसे म्हणाले. "वॉचमनचं होतं. मीच पाठवायचो."

मग सोपानने मान तिरकी केली. नजरेचा मधला भाग गेल्यापासून त्याला फक्त कडेनेच दिसायचं.

"तोंड फिरवत नाहीये, साहेब. तुम्हाला नीट बघायचंय, म्हणून मान वळवली."

रेग्यांचे डोळे अजून धडधाकट होते. ते फरशीकडे बघत राहिले.