आलं का?

“रविवारपर्यंत चित्र दिसलं नाही, तर हे खोकं भंगारात,” कुमुदताईंनी नवऱ्याला बजावलं होतं.

रविवारी दिगंबररावांनी वडिलांच्या जुन्या टीव्हीचा चौथा व्हॉल्व्ह बदलला आणि वडिलांसारखीच उजवीकडे एक थाप मारली. पडदा उजळला. त्यावर नुसत्या मुंग्या!

या टीव्हीला पकडता येईल असं प्रक्षेपण केव्हाच बंद झालंय, हे कुमुदताईंसकट सगळ्यांना ठाऊक होतं. दुरुस्तीच्या भरात दिगंबररावच विसरले होते.

कुमुदताईंनी त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. “बघत काय बसलात? गच्चीवर जा, अँटेना फिरवा.”

“आलं का?” वरून हाक आली.

“थोडं डावीकडे!”

“आता?”

“आलं होतं! तुम्ही हात काढलात नि गेलं. तसेच धरून उभे राहा!” म्हणत कुमुदताईंनी कपाटातला क्रोशाचा रुमाल काढून टीव्हीवर अंथरला.