काळीभुई नावाचा देश

राजापेठेतल्या शाळेत संध्या मॅडमनी सातवीच्या पोरांना एक नवा देश बनवायला सांगितला. अट एवढीच, की देश लहान आणि त्याचे दोन्ही शेजारी बलाढ्य.

पोरांनी बाकं मागे सरकवली. फरशीवर खडूनं देशाची सीमा आखली ती अलमास शेखनं, कारण वर्गात तिच्याइतकी सरळ रेष कोणालाच जमत नाही. नाव ठरलं काळीभुई. दामिनीच्या पिवळ्या ओढणीचा झेंडा झाला. राष्ट्रीय खाणं गिलावडा, हेही अलमासनंच सुचवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळा वर्ग रेषेच्या आत दाटीवाटीनं बसला.

"मॅडम, सैन्यबी बनवलं," सेनापती झालेला ललित म्हणाला. "पन हे शेजारी तं लय मोठे हायेत. त्याइच्यासंग आपलं काई जमत नाई."

"मग नका लढू," मॅडम हसल्या.

"असं कसं, मॅडम? देश हाये तं दुश्मन पायजेच ना. मंग आमी लढाचं कोनासंग?"

वर्ग विचारात पडला. हळूहळू एकेक मान वळायला लागली, सगळ्या एकाच दिशेला.



आपणच आखलेली रेष पुसली जाऊ नये म्हणून अलमासनं जपून पाय उचलला, ती रेषेबाहेर आली आणि तिनं विचारलं, "मॅडम, किती दूर बसू?"