नाक फार पुढे आलंय

“माझ्या कपाची जागा कोणी बदलली?” मास्तर कडाडले. किटलीतला चहा कपाशेजारी टेबलावर सांडला होता.

“कप रोजच्याच जागी आहे, बाबा,” मुलगी फडकं घेऊन पुढे आली.

“म्हणजे मी खोटा? सकाळी हातोडा हलवलास, आता कप. माझ्याच कारखान्यात मला चाचपडत फिरायला लावतेस!”

मास्तर मूर्तिकार. रविवारी गल्लीतल्या मुलांना मातीकाम शिकवायचे, तेव्हा लोण्याहून मऊ. एरवी मात्र हल्ली राग सदा नाकावर. चौकातला पुतळा उभा झाला होता, चेहऱ्यावरून शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. त्यासाठी उद्या उंच परांचीवर चढायचं होतं.

“उद्या मी चढते,” ती म्हणाली. “काल शिडीवर तुमचा पाय हुकला.”

“पायरी ढिली होती! ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ म्हणालीस तर याद राख. आणि तुझ्या हाती तो चेहरा देऊ? अगं, लहानपणी रिकाम्या साच्यापुढे एक डोळा मिटून उभी राहायचीस. आतला खोलगट चेहरा फुगून बाहेर आला की टाळ्या पिटायचीस. दुसरा डोळा उघड, लबाडी संपेल, हेही मलाच सांगावं लागायचं. अजून तेवढीच अक्कल आहे तुला!”

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग फडकं टेबलावर आपटलं.

“ठीक आहे. खिडकीपाशी माझं काम ठेवलंय. त्यात एक चूक दाखवा. दाखवलीत तर खुशाल चढा, मी अवाक्षर काढणार नाही. नाहीतर परांची माझी.”

“एक? दहा दाखवतो!”

पांढरा प्लास्टरचा चेहरा, माणसाच्या दुप्पट. मास्तर समोर उभे राहिले. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. चेहरा जणू मान वळवून त्यांच्याकडेच बघत होता.

“बघतोय कसा मेला रोखून! जिकडे जावं तिकडे. गाल तर दाढ सुजल्यासारखे. आणि हे नाक! नाक फार पुढे आलंय.”

“पुढे आलंय?” तिचा आवाज एकदम खाली आला. “नीट बघून सांगा, बाबा.”

“जन्मभर नाकंच घडवली मी! आण ती पट्टी, आत्ता खरवडून दाखवतो.”

तिने लोखंडी पट्टी त्यांच्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते. हरली, मास्तरांना वाटलं, आणि त्यांचा राग जरा निवला.

त्यांनी पट्टी नाकाच्या शेंड्यावर टेकवायला नेली. ती टेकली नाही. हात पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि मनगटापर्यंत रिकाम्या साच्याच्या आत शिरला.