येऊन गेलेल्या कांजिण्या

इथे हिंदी मुलखात, सोनागिरीच्या आमच्या घरात आईचा पहिल्यापासून एकच नियम: घरात मराठीच बोलायचं, हिंदी बाहेरच्यांशी.

माझ्या लेकीला, शमिकाला, कांजिण्या आल्या. ती आजीजवळच झोपायची. एकीला निजवा, दुसरीला तिच्यापासून लांब ठेवा, यातच मी मेटाकुटीला आलो. शेवटी डॉक्टरांना फोन केला.

"आईंना लहानपणी येऊन गेल्यात ना? मग काळजी सोडा. एकदा ओळख पटली की शरीर सहसा जन्मभर विसरत नाही."

हायसं वाटलं. आईपुढे चहाचा कप ठेवून म्हटलं, "आई, तुला काही होणार नाही गं."



आईनं खांद्यावरचा पदर सावरला आणि अदबीनं मला विचारलं, "भैया, आपको किससे मिलना है?"