अर्ध्या पृथ्वीची दवंडी

“आजपासून अर्धी पृथ्वी पोर्तुगालची आहे,” राजाच्या दवंडीवाल्याने जाहीर केलं. पेद्रोसाच्या चौकातल्या कोंबड्या त्याला उभं राहता येईल इतक्याच बाजूला सरकल्या.

टोपीत पिसं खोवलेल्या या दवंडीवाल्याचं नाव नुनु वाझ. त्याचा नगारची गेल्या महिन्यात आरमारावर गेला होता, त्यामुळे हल्ली नगारा वाजवायचाही त्यानेच आणि थांबवायचाही त्यानेच.

समोर सगळं गाव जमलं होतं. म्हणजे बायका. आणि चर्चच्या पायरीवर एक शवपेटी. पेटीत ब्रितेशचा नवरा फेर्नांव होता, काल दुपारी गेलेला. ऑगस्टचं ऊन होतं. त्याला आजच पुरणं सगळ्यांच्याच हिताचं होतं. पण पेटीला चार खांदे लागतात आणि पेद्रोसात ते पुरुषांचेच लागतात. बायकांनी उचलली तर गेलेला माणूस परत येतो, अशी तिथली समजूत. ब्रितेशने यावर बराच विचार केला होता आणि धोका नको असं ठरवलं होतं.

नुनु जिंकलेल्या मुलखांची नावं वाचू लागला. सोफाला म्हणताच एक बाई शेजारणीला म्हणाली, “आमचा थोरला तिथंच.” कोचीला दोघींनी डोक्यावरचे रुमाल सारखे केले. गोवे आलं तेव्हा न्हाव्याच्या बायकोने विचारलं, तिकडचे लोक दाढी करतात का. मलाक्का नेमकं कुठे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, नुनुलाही. पावाच्या भट्टीवालीचे तिन्ही मुलगे मात्र तिथे होते. राज्य वाढत गेलं तसा चौक गप्प होत गेला.

मग मुद्द्याची गोष्ट आली. एवढं जग सांभाळायचं तर माणसं हवीत. गावातल्या यच्चयावत पुरुषांनी पुढे यावं, होडी संध्याकाळी सुटेल.

तिघे पुढे आले. सत्तरी ओलांडलेले पाद्री आमारु, एका पायाचा जिल आणि ठार बहिरा दुआर्त. दुआर्त बाकीचे दोघे निघाले म्हणून निघाला होता.

नुनु म्हणाला, आपल्याला तर या गावात चार पुरुष सांगितले होते.

“चौथे पेटीत आहेत,” ब्रितेश म्हणाली. “त्यांनाही हुकूम वाचून दाखवा हवं तर. जिवंतपणी कुणाचा ऐकला नाही.”

नुनुने घसा साफ केला. हुकूम म्हणजे हुकूम, तिघे तर तिघे, असं काहीसं तो पुटपुटला. जहाजावर टेकायला काही असतं का, अशी जिलने चौकशी केली.

ब्रितेश पायऱ्या उतरून आली. आता ही राजाचा उद्धार करणार, म्हणून बायका पुढे सरकल्या. तिने फक्त नुनुचा खांदा बाजारात बैल पारखावा तसा नीट पाहिला.

“न्या की तिघांना,” ती म्हणाली. “पण आधी टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत चला. पेटीचा पुढचा डावा कोपरा रिकामा आहे.”

आपण राजाचा आवाज आहोत, असं नुनुने सांगून पाहिलं. आवाजालाही खांदा असतोच, असं पाद्री म्हणाले. नुनुने एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा पेटीकडे, आणि नगारा गळ्यातून काढून जमिनीवर ठेवला.

पेटी उचलली गेली. होडीचं नाव कोणीच काढलं नाही. चार पावलं गेल्यावर ब्रितेश नुनुजवळ आली आणि हळूच म्हणाली,

“दादा, तेवढी टोपीतली पिसं काढता का? आमच्या ह्यांना पिसांनी शिंका येतात.”