गाठीचा उपास

केतकीच्या मनगटावरचा, रक्तातली साखर मोजणारा पट्टा कर्कश वाजू लागला, तसा हेरंब धावत आला. केतकीच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवरची गाठ उपाशी मरावी म्हणून औषधाने तिच्या शरीरातलं कार्निटिन, चरबी जाळायला लागणारं द्रव्य, काढून घेतलं होतं. चरबी जळतच नव्हती. जेवण चुकवणं म्हणजे जिवाशी खेळ.

“सकाळपासून काय खाल्लंस?”

“संकष्टी आहे ना! म्हटलं, मीही उपास केला तर गाठ लवकर मरेल.” एवढं बोलून ती बेशुद्ध झाली.

हेरंब तिच्या हिरड्यांना मध चोळत शेजारी बसून राहिला. गाठीमुळे कित्येक महिने तिला फक्त समोरचं दिसायचं, कडेचं नाही.

अखेर तिने डोळे उघडले. मान न वळवता, छताकडेच बघत ती पुटपुटली, “अहो, पुसा ते डोळे. दिसतंय मला.”