सगळ्यांच्या पुढे

“पुढे मीच चालणार!” ड्रायव्हरसाहेबांनी टेबलावर हात आपटला. तिथे पसरलेला टेकड्यांचा नकाशा दचकल्यासारखा पुन्हा गुंडाळला गेला.

शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत टेकडी मंडळाची बैठक भरली होती. दर रविवारी कुठली टेकडी चढायची ते आज ठरायचं होतं. आधी सोप्या, मग चढणीच्या, असं नर्सबाई समजावून सांगत होत्या. मंडळ त्यांनीच जमवलेलं. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, “आणि आता फोटोवाले पुढे चालतील.” तिथे ठिणगी पडली.

फोटोवाला! ज्याच्या पायाचं प्लास्टर नुकतं निघालं, जो अजून काठी टेकत फिरतो, तो पुढे?

साहेबांचं सारं आयुष्य बसच्या पुढच्या सीटवर गेलं होतं. पुढे बसतो तो गाडी हाकतो, मागचे नुसते बसतात, एवढंच शास्त्र त्यांना येत होतं. निवृत्त झाले आणि घरात कुणी विचारेना. सून म्हणे, “बाबा, पाय वर घ्या, फरशी पुसायचीय.” हुकूम करणारा माणूस पाय वर घ्यायला लागला. मग ते मंडळात आले. पहिल्याच रविवारी चार पावलं चालून झाली, तोच नर्सबाई म्हणाल्या, “साहेब, तुम्ही पुढे व्हा.” टेकडी राहिली बाजूला, साहेब हरभऱ्याच्या झाडावर चढले.

त्यांनी शिट्टी विकत घेतली. थांबले की शिट्टी, निघाले की शिट्टी. दम लागला की एका हाताने कंबर धरायची, दुसऱ्या हाताने लांब कुठेतरी बोट दाखवायचं आणि म्हणायचं, “वा, काय देखावा!” मागची मंडळी निमूट थांबायची. किती मान देतात, असं साहेबांना वाटायचं. एकदा समोर देखावा नव्हताच, पाण्याची टाकी होती. तीही सगळ्यांनी बराच वेळ पाहिली.

घरी फुशारकीला तोटा नव्हता. “माझ्याशिवाय तिथे पान हलत नाही.” आज तर आपला थाट दाखवायला त्यांनी बायकोलाच बरोबर आणलं होतं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, हाताला काम हवं म्हणून, शिंप्याच्या चिंध्यांच्या घड्या घालत होती. आणि नेमकी तिच्या डोळ्यांदेखत साहेबांची गादी चालली होती.

“माझं काही चुकलं का?” त्यांचा आवाज खाली आला. “कधी वाट चुकवली कुणाची? मग आज मला मागे का ढकलता? तेही हिच्यासमोर?”

“ढकलतंय कोण?” शिंपी सुईत दोरा ओवत म्हणाला. “बढती मिळतेय तुम्हाला!”

नर्सबाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं. पण साहेबांनी शब्द पकडला. “कसली बढती? सरळ सांगा.”

“जाऊ द्या ना, साहेब.”

“नाही. आता कळलंच पाहिजे.”

नर्सबाईंनी चष्मा काढून पुसला. “साधा नियम आहे हो. सगळ्यांत हळू चालणारा असेल त्याला पुढे ठेवायचं. बाकीच्यांनी त्याच्या चालीनं मागून यायचं. म्हणजे कुणी एकटं मागे पडत नाही.”

साहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घाटात सगळ्या गाड्या मागे अडकवून डुलत चालणाऱ्या ट्रकला त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. तो ट्रक आता शिट्टी वाजवत फिरत होता. त्यांना हसू येऊ लागलं, पण बायकोकडे बघायची हिंमत होईना.

नर्सबाईंनी घाईघाईने विषय बदलला. “वहिनी, तुम्हीही या की रविवारी. फक्त आमचा नियम तेवढा सांभाळावा लागेल.”

“तो मला नवा नाही हो,” वहिनी हातातली चिंधी नीट दुमडत म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून मी यांच्या मागूनच चालते आहे.”